तुर्काना गरीब का राहिला, आणि आपल्या निधीचे काय करावे? केनियातील प्रादेशिक विषमतेविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण तीन वर्षांपासून नोकरीनिमित्त नैरोबीत राहता, तेथील काही मराठी स्नेह्यांनी मिळून एक छोटा निधी उभा केला आहे, केनिया सरकारच्या दारिद्र्याच्या तक्त्यात वायव्येकडच्या तुर्काना काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) ७९.४ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली आणि नैरोबीत केवळ १६.७ टक्के, असे आपण वाचले. आणि म्हणून तुर्कानात दोन-तीन बोअरवेल खोदून द्याव्यात, असा आपला विचार आहे. शेवटी आपण असेही विचारले आहे की, स्वातंत्र्याला साठ वर्षे होऊनही त्या भागाची अशी अवस्था का, दोष दुष्काळाचा की सरकारचा. गेली अकरा वर्षे मी उत्तर केनियात घरोघरच्या सर्वेक्षणांचे आणि रोख मदतीच्या कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचे काम करत आले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपण शेवटी विचारलेला प्रश्न खरे तर पहिला आहे. एखादा प्रदेश कशामुळे गरीब आहे हे कळल्याशिवाय तेथे काय द्यावे हे ठरत नाही, आणि तक्ता फक्त कोठे किती गरिबी आहे एवढेच सांगतो. ७९.४ हा आकडा खरा आहे, पण त्यातून बोअरवेल हे उत्तर निघत नाही.

आधी त्या आकड्याचा अर्थ पाहू. तो २०१५-१६ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणातला आहे. त्या वेळी ग्रामीण भागासाठी दर प्रौढ माणसामागे महिना ३,२५२ शिलिंग आणि शहरी भागासाठी ५,९९५ शिलिंग अशी दारिद्र्यरेषा धरली होती. कुटुंबाने खाल्लेले आणि खर्च केलेले सारे मोजून, दरमाणशी ती रक्कम या रेषेखाली गेली की ते कुटुंब गरीब. देशभर हे प्रमाण ३६.१ टक्के आले. उत्तरेकडच्या मंडेरात ७७.६, सांबुरूत ७५.८, तर माउंट केनियाच्या पायथ्याशी असलेल्या न्येरीत १९.३ आणि मेरूत १९.४. एकाच देशात, एकाच पद्धतीने मोजलेली ही तफावत आहे, आणि ती भयंकर आहे यात शंका नाही.

तरीही प्रमाण आणि संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या जनगणनेत नैरोबीची लोकसंख्या सुमारे ४४ लाख भरली आणि तुर्कानाची सुमारे ९ लाख २७ हजार. वर्षे जुळत नाहीत हे मान्य करूनही साधा गुणाकार केला, तर १६.७ टक्क्यांचे आणि ७९.४ टक्क्यांचे उत्तर दोन्ही ठिकाणी सव्वासात लाखांच्या थोडे वर येते. म्हणजे आपण ज्या शहरात राहता, त्याच शहरात, मुकुरू, मथारे, किबेरा अशा झोपडपट्ट्या धरून, संपूर्ण तुर्कानाइतकेच गरीब लोक आहेत. मुकुरूतली बाई वीस लिटरचा पिवळा कॅन पैसे मोजून भरते, आणि लिटरमागे तिला पडणारा दर घरात नळ असलेल्या माणसापेक्षा जास्त असतो. तुर्कानाला जाऊ नका, असे यावरून मला सुचवायचे नाही. पण 'सर्वांत गरीब काउंटी' आणि 'सर्वांत जास्त गरीब माणसे' हे एकच आहे असे समजून निघालेल्या अनेक संस्था मी पाहिल्या आहेत, म्हणून हे आधी सांगितले.

दुसरे असे की, हा आकडा गोळा कसा होतो हेही जाणून असावे. तुर्काना पशुपालकाला 'तुमच्याकडे किती जनावरे आहेत' असे विचारणे म्हणजे आपल्याकडे पहिल्याच भेटीत एखाद्याला बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे आहे. सुरुवातीच्या एका फेरीत आमच्या प्रगणकाने हा प्रश्न थेट विचारला. समोरचे आजोबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'थोडी आहेत.' कागदावर ते कुटुंब जनावरे नसलेले म्हणून गेले असते. संध्याकाळी शेळ्या परतल्या तेव्हा कुंपणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे आम्ही प्रश्नाचा क्रम बदलला: दूध कोण काढते, वासरे-करडे कोण सांभाळते, मागच्या दुष्काळात काय गेले, असे विचारत मूळ प्रश्नाकडे यायचे. 'कुटुंब' कोणाला म्हणायचे हाही पेच असतो. तुर्कानांच्या वस्तीला 'आवी' म्हणतात; त्यात एका पुरुषाच्या दोन-तीन बायकांच्या स्वतंत्र झोपड्या असतात, आणि घरातले तरुण जनावरे घेऊन महिनोन्‌महिने दूर चराईवर असतात. त्यांना कोणत्या घरात मोजावे? यामुळे आकडा दोन-चार टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. न्येरी आणि तुर्काना यांच्यातली दरी मात्र अशा मोजणीच्या चुकांनी भरून निघण्यासारखी नाही.

आता कारणाकडे येते. दुष्काळ हे उत्तर लोकांच्या तोंडी सहज येते आणि ते अर्धवट आहे. उत्तर व ईशान्य केनिया कोरडा आहेच. २०२० च्या अखेरीपासून, वर्षातून दोनदा येणारे पावसाळे सलग पाच वेळा हुकले आणि त्या काळात देशात २५ लाखांहून अधिक जनावरे मेली. पण युगांडाच्या सीमेवर, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी असलेली बुसिया काउंटी पाहा. तेथे पाऊस चांगला पडतो, जमीन पिकते, आणि तरीही त्याच सर्वेक्षणात तेथील दारिद्र्य ६९.३ टक्के होते. तिथल्या गरिबीची मुळे वेगळी आहेत: पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन उरलेले जमिनीचे लहान तुकडे, आणि पश्चिमेकडच्या त्या पट्ट्यात ज्यावर अनेकांचा संसार चालत असे त्या उसाच्या धंद्याची पडझड. मुमियासचा साखर कारखाना थकला आणि बंद पडला, तेव्हा उसाचे पैसे अडकलेल्या शेतकऱ्यांचे काय झाले असेल हे महाराष्ट्रातल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको. पावसाने गरिबी ठरत असती, तर बुसिया तक्त्यात खाली नसती.

मग काय? इतिहासात थोडे मागे जावे लागेल, कारण केनियाचा आजचा नकाशा बराचसा रेल्वेच्या रुळांनी आखलेला आहे. १८९६ साली मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोहोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते. नैरोबी हे त्या रुळांवरचे एक ठाणे होते. रेल्वेचा खर्च वसूल व्हावा म्हणून दोन्ही बाजूंच्या थंड, सुपीक उंच प्रदेशात गोऱ्या शेतकऱ्यांना जमिनी देण्यात आल्या, आणि त्या पट्ट्यात आफ्रिकी माणसाला तर सोडाच, हिंदी माणसालाही शेतजमीन घेण्यास बंदी होती. रस्ते, दवाखाने, शाळा, बाजार, वीज हे सारे त्या पट्ट्यात आणि त्याच्या लगत उभे राहिले. उत्तरेचा निम्म्याच्या आसपासचा देश मात्र सरकारच्या लेखी निव्वळ सीमेवरची राखीव पट्टी होता. १९०२ च्या वटहुकमाने तो 'बाहेरचा जिल्हा' ठरला आणि परवान्याशिवाय तेथे जाणे-येणे बंद झाले. एका पिढीहून अधिक काळ एखाद्या प्रदेशातून माणसाने आणि जनावराने बाहेर पडायचे नाही असे ठरले, की तेथे बाजारपेठ तयार होत नाही. आणि बाजार नसलेल्या पशुपालकाची संपत्ती त्याच्या दावणीलाच मरते.

स्वातंत्र्य १९६३ साली आले, पण हा नकाशा पुसला गेला नाही. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर १९६५ च्या एका सरकारी धोरणपत्रात आहे. 'सेशनल पेपर क्रमांक १०' या नावाने ते केनियात आजही सर्वांना ठाऊक आहे. नियोजनमंत्री टॉम म्बोया त्यामागे होते. नाव आफ्रिकी समाजवादाचे, पण गुंतवणुकीचे सूत्र असे: अर्थव्यवस्था झपाट्याने वाढायची असेल, तर पैसा जेथे उत्पादनात सर्वाधिक भर घालेल तेथेच घालावा. म्हणजे चांगली जमीन, चांगला पाऊस, रस्ते आणि वीज जेथे आधीच आहे तेथे. त्यात एक हिशेबही दिला आहे: दहा लाख पौंड एका भागात घातले तर उत्पादन २० हजारांनी वाढते, दुसऱ्या भागात घातले तर एक लाखाने वाढते, तेव्हा दुसऱ्या भागात घालणेच शहाणपणाचे, कारण त्यातून देश ८० हजारांनी अधिक श्रीमंत होतो आणि त्या वाढीतून पहिल्या भागाला अनुदान देता येते.

हे वाचताना सकृद्दर्शनी त्यात काही चूक दिसत नाही, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या, हाती पैसा नसलेल्या देशातील लोकांनी ते प्रामाणिकपणे लिहिले असावे असे मी मानते. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. पहिली अशी की, जमीन आणि पाऊस यांच्याप्रमाणेच रस्ते आणि शाळाही जणू निसर्गाने दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या वसाहतकाळात ठरवून एका पट्ट्यात दिल्या गेल्या होत्या. म्हणजे ज्याला आधी मिळाले त्यालाच पुन्हा मिळणार, असा तो नियम झाला. दुसरी अशी की, तो ८० हजारांचा अधिकचा नफा पुढे आपोआप उत्तरेकडे वळेल. तो वळवण्याची कोणतीही बांधील यंत्रणा केली गेली नाही, आणि तो वळला नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण गोव्या-मुंबईच्या वाचकाला ती ठाऊक असायला हवी. ज्या गटाला हा मार्ग मान्य नव्हता आणि जमिनीचे फेरवाटप हवे होते, त्यात तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा आणि राजकीय नेते बिल्डाड कग्गिया यांच्याबरोबर पियो गामा पिंटो हे होते. नैरोबीत १९२७ साली गोवेकर कुटुंबात जन्मलेले पिंटो हिंदुस्थानात शिकले, गोव्याच्या मुक्तीसाठी काम केले, केनियात परतल्यावर इंग्रजांच्या कैदेत वर्षे काढली आणि पुढे तेथील संसदेचे सभासद झाले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांच्या घराच्या दाराशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी ते धोरणपत्र संमत झाले. ते जिवंत असते तर उत्तरेचे चित्र वेगळे झाले असते, असा दावा मी करणार नाही. पण दुसरा विचार मांडणारी माणसे तेव्हा होती, आणि त्यांत एक आपला होता.

ईशान्येत तर उपेक्षेच्या जोडीला बंदुकीही होत्या. तेथील सोमाली लोकांना स्वातंत्र्याच्या वेळी आपला प्रदेश सोमालियाला जोडायला हवा होता. त्यातून संघर्ष पेटला आणि १९६३ पासून लागू झालेले आणीबाणीचे कायदे १९९१ पर्यंत राहिले. जवळजवळ तीन दशके ज्या भागात सरकार म्हणजे लष्कर आणि तपासणी नाके, तेथे शिक्षक, डॉक्टर किंवा व्यापारी आनंदाने जाणार नाहीत. उत्तरेकडच्या मार्साबिटमध्ये जुनी माणसे नैरोबीला निघालेल्याला 'केनियाला चाललास का?' असे विचारत, हे मी स्वतः ऐकले आहे. त्यांच्या दृष्टीने केनिया हा खाली, इसिओलोच्या नाक्यापलीकडे सुरू होणारा दुसरा देश होता. इसिओलो ते इथिओपियाच्या सीमेवरचे मोयाले हा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता गेल्या दशकात पुरा डांबरी झाला, तेव्हा पूर्वी ट्रकच्या टपावर बसून दोन-तीन दिवसांचा होणारा प्रवास एका दिवसावर आला. शेळ्यांचे भाव त्या एका रस्त्याने जितके सुधारले तितके बऱ्याच प्रकल्पांनी मिळून सुधारले नसतील, असे माझे मत आहे.

आतापर्यंत जे लिहिले त्याचा मथितार्थ एवढाच की, तुर्काना किंवा मंडेरा येथील गरिबी ही निसर्गाच्या कोरडेपणावर शंभरेक वर्षांच्या निर्णयांनी चढवलेली आहे. आता परिस्थिती बदलते आहे का, हे पाहायला हवे, कारण आपला निधी आजच्या परिस्थितीत जाणार आहे.

बदलते आहे, आणि ते मनापासून मान्य करायला हवे. २०१० च्या संविधानाने देशात ४७ काउंटी निर्माण केल्या, आणि मार्च २०१३ च्या निवडणुकीनंतर त्यांची सरकारे आली. राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा काउंटींना देणे बंधनकारक झाले. वाटपाच्या पहिल्या सूत्रात ४५ टक्के वजन लोकसंख्येला, २५ टक्के सर्वांना समान, २० टक्के दारिद्र्याला आणि ८ टक्के क्षेत्रफळाला होते. उरलेले २ टक्के आर्थिक शिस्तीला. या हिशेबात विस्तीर्ण आणि गरीब तुर्कानाला सुरुवातीच्या वर्षांत नैरोबीच्या खालोखाल वाटा मिळाला. १९६५ च्या सूत्राच्या अगदी उलट दिशेचे हे सूत्र होते. २०२० मध्ये ते बदलून लोकसंख्येला अधिक महत्त्व देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सिनेट कित्येक आठवडे अडून राहिली, आणि एकूण वाटपाची रक्कम ३१६.५ अब्ज शिलिंगांवरून ३७० अब्जांवर नेल्यावरच कोंडी फुटली. 'एक माणूस, एक शिलिंग' ही घोषणा तेव्हा ऐकू येत होती. ऐकायला ती न्याय्य वाटते. पण मंडेरातल्या बाळंतिणीपर्यंत पोहोचायला जितका रस्ता आणि डिझेल लागते, तितके नैरोबीलगतच्या किआंबूत लागत नाही, हे त्यात बसत नाही.

याशिवाय संविधानात समतोल निधी आहे: महसुलाचा अर्धा टक्का वीस वर्षे फक्त मागास भागांतले पाणी, रस्ते, आरोग्य आणि वीज यांसाठी. महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाड्याचा 'अनुशेष' हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही कल्पना लगेच ओळखीची वाटेल. दुर्दैवाने अनुभवही ओळखीचा आहे. निधी कागदावर जमा होत राहिला, तो केंद्राने खर्चायचा की काउंटींनी हा वाद न्यायालयात गेला, आणि वर्षे गेली. तरी त्यातली एक सुधारणा मला महत्त्वाची वाटते. पहिल्या धोरणात १४ काउंटी मागास ठरवल्या होत्या. त्यांत नारोकही होती, जिच्यात मसाई मारा आणि गव्हाची मोठी शेते आहेत आणि जिचे दारिद्र्य सर्वेक्षणात २२.६ टक्केच निघाले. दुसऱ्या धोरणात काउंटी हा घटक सोडून थेट वस्त्यांच्या पातळीवर उतरून १,४२४ मागास क्षेत्रे निवडली गेली. कारण विषमता काउंटीच्या सीमेवर थांबत नाही. तुर्कानाच्या मुख्य गावात, लोडवारमध्ये, आज बँका, हॉटेले आणि चढ्या भावाचे भूखंड आहेत, आणि तेथून दिवसभराच्या अंतरावर इथिओपियाच्या सीमेकडे किबिशला परिस्थिती फारशी हललेली नाही. नैरोबीने उत्तरेशी जे केले, तेच लोडवारने किबिशशी करू नये, ही मला वाटणारी मोठी काळजी आहे.

आता आपल्या बोअरवेलकडे येते, आणि येथे मी स्पष्टच लिहिते. तुर्कानात पाण्याची टंचाई खरी आहे. परंतु तेथे नादुरुस्त बोअरवेलही पुष्कळ आहेत. लोडवारच्या पश्चिमेला एका वस्तीत मी पाहिले ते असे: सौरपंपाचे पत्रे उन्हात चमकत होते, देणगीदाराच्या नावाची पाटी शाबूत होती, आणि पंपाचा कंट्रोलर सात महिन्यांपूर्वी जळाला होता. सुटा भाग नैरोबीहून यायचा होता. कोणी आणायचा आणि पैसे कोणी द्यायचे हे ठरले नव्हते. पंपापासून दोनशे पावलांवर कोरड्या नदीच्या पात्रात बायकांनी झिरे उकरले होते. एक इतके खोल की आत उभी असलेली मुलगी डोक्यावर हात उंचावून वाटी वर देत होती, मधल्या पायरीवरची बाई ती घेत होती, आणि वरची कॅनमध्ये रिकामी करत होती. वीस लिटरचा कॅन भरायला लागलेला वेळ मी घड्याळात पाहिला: बावीस मिनिटे. पाणी जमिनीत होते, यंत्र होते, पैसेही कधीतरी आले होते. नव्हता तो फक्त दुरुस्तीचा माणूस आणि त्याला बोलावण्याची व्यवस्था.

दुसरी अडचण आपल्याकडच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. पशुपालकांच्या प्रदेशात काही कुरणे मुद्दाम राखलेली असतात. पाणी नसल्यामुळेच ती वर्षभर चरली जात नाहीत, आणि सगळे संपले की शेवटचा चारा म्हणून तेथे जनावरे नेतात. अशा कुरणात बोअरवेल खोदली की कळप तेथेच मुक्काम ठोकतात, दोन वर्षांत भोवतालचे गवत मुळासकट संपते, आणि पुढच्या दुष्काळात जनावरे तहानेने नव्हे, तर उपासमारीने मरतात. जागा पोकोट किंवा टोपोसा या शेजारच्या पशुपालक जमातींच्या चराईच्या सीमेजवळ असेल, तर पाण्यावरून गोळीबारही होऊ शकतो. शिवाय भूगर्भातले पाणी सगळीकडे पिण्याजोगे नाही. अनेक ठिकाणी ते खारे किंवा फ्लोराइडयुक्त आहे. २०१३ साली तुर्कानाच्या वायव्येस लोटिकिपी येथे प्रचंड भूजलसाठा सापडल्याची बातमी जगभर गाजली. पुढे तपासणीत ते पाणी पिण्यासाठी फार खारे निघाले.

तुर्काना हे चांगल्या हेतूंच्या अपयशाचे जुने ठिकाणही आहे. १९८० च्या सुमारास नॉर्वेच्या मदतीने तुर्काना सरोवराकाठी कालोकोल येथे मासे गोठवण्याचा मोठा कारखाना उभारला गेला. विचार असा की, जनावरे दुष्काळात मरतात, तर लोकांना मासेमारीकडे वळवावे. त्या उष्णतेत मासे गोठवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी परवडणारे नव्हते. कारखाना जेमतेम चालला. मग सरोवराचे पाणी हटून तेथली फर्ग्युसन खाडीच आटली. आणि ज्यांनी कळप सोडून काठावर वस्ती केली होती ते दोन्हीकडून गेले. सरोवराच्या पलीकडच्या काठावर, मार्साबिट काउंटीत, आज ३६५ पवनचक्क्या ३१० मेगावॅट वीज तयार करतात. ती ४०० किलोमीटरहून लांब तारांनी दक्षिणेच्या ग्रीडला जाते, आणि तारांखालच्या अनेक झोपड्यांत रात्री अंधार असतो. त्या प्रकल्पाच्या जमिनीचे हक्क नियमबाह्य रीतीने दिले गेल्याचा निकालही २०२१ मध्ये न्यायालयाने दिला. पवनचक्क्या नकोत असे मी म्हणत नाही. पण जेथून काढायचे तेथे काय ठेवायचे, हा प्रश्न साठ वर्षांनंतरही नंतर विचारला जातो, याचे मला दुःख होते.

मग काय उपयोगी पडते? माझ्या कामात जे टिकलेले पाहिले, त्यात पहिला क्रमांक नियमित रोख मदतीचा. तुर्काना, मार्साबिट, मंडेरा आणि वजीर येथे सरकारच्या भूक-सुरक्षा कार्यक्रमातून सुमारे एक लाख कुटुंबांना दर दोन महिन्यांनी ५,४०० शिलिंग बँक खात्यात मिळत असत. रक्कम लहान, पण ती ठरल्या वेळी येणार हे ठाऊक असल्याने दुकानदार उधारी देऊ लागला. एका छोट्या बाजारात दुकानदाराची वही मी चाळली: मक्याचे पीठ, साखर, चहापत्ती, आणि प्रत्येक नावापुढे पुढच्या हप्त्याची तारीख. त्याआधी त्या बायकांना कोणी किलोभर साखरही उधार देत नसे. याचे महत्त्व दुष्काळात कळते. दुष्काळ आला की सगळेच शेळ्या विकायला काढतात, शेळीचा भाव पडतो, आणि त्याच वेळी मक्याचा भाव चढतो. ज्या शेळीत आधी पोतेभर मका येत असे, तिच्यात त्याचा एक तुकडाच येतो. हाती थोडी रोकड असेल तर शेवटच्या दुभत्या शेळ्या विकाव्या लागत नाहीत, आणि पाऊस आल्यावर कळप पुन्हा उभा राहू शकतो.

एवढे मोठे काम आपला निधी करू शकणार नाही, हे उघड आहे. लहान निधीला मी दोनच वाटा सुचवीन. पहिली: नवी बोअरवेल न खोदता, एका ठरावीक परिसरातल्या आठ-दहा जुन्या बोअरवेलींच्या देखभालीचा पाच वर्षांचा खर्च उचलणे, लोडवारमध्ये सुट्या भागांचा साठा, दोन स्थानिक मेकॅनिक, एक मोटारसायकल आणि दुरुस्ती झाल्यावरच पैसे. यात पाटी लावायला जागा नसते, म्हणून देणगीदार मिळत नाहीत, आणि म्हणूनच आपली गरज तेथे आहे.

दुसरी: मुलींचे शिक्षण. २०२२ च्या आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ज्या आई झालेल्या किंवा गरोदर आहेत, त्यांचे प्रमाण देशात १५ टक्के, न्येरीत ५ टक्के आणि सांबुरूत ५० टक्के आढळले. हे वाचून लगेच शाळेची इमारत बांधायचा मोह होईल; तो आवरावा. इमारती आहेत. ईशान्येत तर २०१४ मध्ये मंडेराजवळ बसमधील प्रवाशांना आणि २०१५ मध्ये गारिसा विद्यापीठात १४८ जणांना दहशतवाद्यांनी ठार केल्यानंतर बाहेरून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने निघून गेले, आणि वर्ग रिकामे राहिले. कमी पडते ते वसतिगृहाचे शुल्क, गणवेश, सॅनिटरी पॅड आणि स्थानिक मुलींनीच पुढे शिक्षिका व्हावे यासाठी लागणारी शिष्यवृत्ती. फिरत्या कळपाबरोबर राहणाऱ्या घरातील मुलगी वसतिगृहाशिवाय सहसा फार पुढे शिकू शकत नाही. दहा मुलींना चार वर्षे सांभाळणे हे आपल्या निधीला झेपणारे काम आहे.

यांपैकी कोणती वाट योग्य, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला येथून ठरवता येणार नाहीत: आपण किती वर्षे बांधील राहणार, आपल्यापैकी कोणी वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष जाणार का, आणि तेथे विश्वासाची स्थानिक संस्था मिळते का. जर पैसे एकदाच द्यायचे असतील आणि नैरोबी सोडणे कोणालाच जमणारे नसेल, तर मुकुरूत काम करा, असेच मी सांगेन. अर्ध्या तासावरच्या वस्तीत दर आठवड्याला जाऊन चुका सुधारता येतात. शेकडो किलोमीटरवर त्या वर्षभर कळतही नाहीत.

तुर्कानालाच जायचे ठरले, तर आधी काउंटीचा पाच वर्षांचा विकास आराखडा मिळवा. तो सार्वजनिक असतो, आणि त्यात वॉर्डनिहाय पाण्याची कामे लिहिलेली असतात. मग फेब्रुवारीच्या शेवटी जा. मार्चमध्ये मोठा पावसाळा सुरू होण्याआधीचे ते दिवस सर्वांत कठीण असतात, आणि तेव्हाच कोणता पंप चालू आहे व कोणता नाही हे लपत नाही. वस्तीत गेल्यावर सभा भरवण्याआधी पहाटे पाण्यावर जा. तेथे कॅन भरणाऱ्या बायकांना, पंप शेवटचा कधी बंद पडला होता, किती दिवस बंद होता आणि तो कोणी दुरुस्त केला, एवढेच विचारा. तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचे नाव मिळाले, तर आपले काम त्या माणसापासून सुरू करा.